स्टेशन, ठाणे आणि स्थानक

विद्यार्थी मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा. ईद चार दिवसांवर आली आहे. पनवेलच्या एसटी स्टँडवर माणसांची झुंबड उडाली आहे. तुम्ही अम्मीबरोबर अलिबागच्या गाडीची वाट पाहत उभे आहात. सहा वर्षांच्या धाकट्या भावाचा हात तुमच्या हातात आहे. गाडी फलाटाला लागते. लोक धावतात, धक्काबुक्की होते आणि हात सुटतो. गर्दी ओसरते, पण भाऊ कुठे दिसत नाही.

तुम्ही शोधाशोध सुरू करता. अम्मीच्या डोळ्यांना पाणी येते. इतक्यात एक फळवाला सांगतो, "निळा सदरा घातलेला मुलगा ना? तो सापडला. एका गृहस्थांनी त्याला स्टेशनात नेलं."

तुमच्या जिवात जीव येतो. तुम्ही रिक्षा करता आणि रेल्वे स्टेशन गाठता. एकेक फलाट पाहता, तिकीट खिडकीपाशी पाहता, पुलावर पाहता. भाऊ तिथे नाहीच. तो बसला आहे पोलीस स्टेशनात, बाकावर, रडून रडून दमलेला.

फळवाला खोटे बोलला नव्हता. तुम्हीही चुकीचे ऐकले नव्हते. तरी एक तास वाया गेला. त्या एका तासात अम्मीच्या मनाची काय अवस्था झाली असेल! मग चूक कोणाची? चूक झाली ती एका शब्दामुळे. 'स्टेशन' हा शब्द एकच, पण त्याचे अर्थ अनेक. तुम्ही एक अर्थ घेतला, फळवाल्याच्या मनात दुसरा होता.

ही गोष्ट कल्पनेतली आहे. पण असा घोटाळा कोणाचाही होऊ शकतो. म्हणून या शब्दाची नीट ओळख करून घेऊ या. तो कुठून आला, त्याला इतके अर्थ कसे चिकटले आणि तुमच्या उर्दूशी व आपल्या मराठीशी त्याचे काय नाते आहे, ते पाहू या.

प्रथम त्याचे अर्थ मोजू या. गाडी थांबते ते रेल्वे स्टेशन. जिथे तक्रार नोंदवतात ते पोलीस स्टेशन. जिथून बातम्या आणि गाणी ऐकू येतात ते रेडिओ स्टेशन. वीज तयार होते ते पॉवर स्टेशन. आग विझवणारे बंब उभे असतात ते फायर स्टेशन. उन्हाळ्यात लोक हवापालटासाठी जातात ते हिल स्टेशन. वह्या, पेन्सिली आणि कागद घेण्यासाठी आपण जातो ते स्टेशनरीचे दुकान. इतकेच काय, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ज्या यानात अंतराळवीर महिनोन्‌महिने राहतात, तेही स्पेस स्टेशनच!

रेल्वेचे फलाट, पोलिसांची कोठडी, थंड हवेचा डोंगर आणि वह्यांचे दुकान यांच्यात सारखे काय आहे? वरवर पाहता काहीच नाही. पण शब्दाच्या मुळाशी गेले की उत्तर सापडते.

'स्टेशन' हा शब्द इंग्रजीत आला तो लॅटिन भाषेतून, फ्रेंचच्या वाटेने. लॅटिन ही प्राचीन रोमन लोकांची भाषा. तिच्यात 'स्तारे' म्हणजे उभे राहणे. त्यावरून 'स्तातिओ' हा शब्द झाला. त्याचा अर्थ उभे राहणे किंवा उभे राहण्याची जागा. रोमन सैनिक ज्या जागी पहारा देत उभे राहत, त्या चौकीलाही 'स्तातिओ' म्हणत.

उभे राहण्याची जागा! हा एकच अर्थ हाती आला आणि सारे कोडे सुटले. गाडी उभी राहते ते रेल्वे स्टेशन. शिपाई पहाऱ्याला उभा असतो ते पोलीस स्टेशन. बंब तयारीने उभे असतात ते फायर स्टेशन. एखादे काम करण्यासाठी माणसे किंवा यंत्रे जिथे कायमची उभी केली, ती जागा म्हणजे स्टेशन.

मग हिल स्टेशनचे काय? डोंगरावर कोण उभे आहे? याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. इंग्रजांच्या राज्यात अधिकाऱ्याची जिथे नेमणूक होई, त्या गावाला ते 'स्टेशन' म्हणत. उन्हाळा सुरू झाला की हे अधिकारी आणि त्यांची कुटुंबे डोंगरावर मुक्काम हलवत. डोंगरावरचे मुक्कामाचे ठिकाण म्हणून ते हिल स्टेशन.

असे एक हिल स्टेशन पनवेलपासून जवळच आहे. ते म्हणजे माथेरान. त्या डोंगरात ठाकर, कातकरी हे लोक आधीपासून वावरत होते. १८५० साली ह्यू मॅलेट नावाचा इंग्रज अधिकारी तिथे चढून गेला. तिथली हवा त्याला मानवली आणि मग इंग्रजांनी तिथे वस्ती वसवली. पुढे १९०७ साली नेरळ ते माथेरान ही लहानशी आगगाडी सुरू झाली. ती मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचा पैसा घालून बांधली. या गाडीच्या वाटेवर जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशने आहेत. म्हणजे हिल स्टेशनला जाताना रेल्वे स्टेशने लागतात आणि 'स्टेशन' शब्दाचे दोन अर्थ एकाच प्रवासात भेटतात.

आता राहिले स्टेशनरीचे दुकान. त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. काही शतकांपूर्वी युरोपात बरेच विक्रेते फिरते असत. पाठीवर गाठोडे घ्यायचे आणि या जत्रेतून त्या जत्रेत जायचे. पुस्तके विकणारे मात्र विद्यापीठाजवळ किंवा चर्चजवळ एकाच जागी दुकान मांडून बसत. एका जागी उभा राहून विकणारा म्हणून त्याला 'स्टेशनर' म्हणू लागले. लंडन शहरात अशा पुस्तकवाल्यांचा संघ १४०३ साली स्थापन झाला. स्टेशनरकडे पुस्तकांबरोबर कागद आणि शाईही मिळे. पुढे पुस्तकांची दुकाने वेगळी झाली आणि कागद, शाई, लेखण्या या वस्तूंना 'स्टेशनरी' हे नाव राहिले. इंग्रजीत 'स्टेशनरी' असा उच्चार असलेले दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ लेखनसाहित्य, तर दुसऱ्याचा अर्थ स्थिर, न हलणारे. त्यांच्या स्पेलिंगमध्ये फक्त एका अक्षराचा फरक आहे. इंग्रजीच्या तासाला ते अक्षर शोधून काढा.

मित्रांनो, इथपर्यंत आपण इंग्रजीची वाट चाललो. आता आपल्या घरी परत येऊ या.

लॅटिनमध्ये 'स्तारे' म्हणजे उभे राहणे, हे आपण पाहिले. संस्कृतमध्ये उभे राहणे या अर्थाचा धातू कोणता, ठाऊक आहे? तो आहे 'स्था'. त्यावरून स्थान, स्थानक, स्थिर, स्थिती, संस्था, व्यवस्था असे कितीतरी शब्द तयार झाले. वर्गात हजेरी घेताना "उपस्थित" म्हणतात, त्यातही हा 'स्था' आहे. उपस्थित म्हणजे जवळ उभा असलेला.

आणि फारसीत? फारसीत 'इस्तादन' म्हणजे उभे राहणे. त्याच मुळापासून आलेला 'स्तान' तुम्ही उर्दूत रोज वापरता. गुलिस्तान म्हणजे फुलांची जागा. रेगिस्तान म्हणजे वाळूची जागा. कब्रस्तान म्हणजे कबरींची जागा. इराणमध्ये रेल्वे स्टेशनला म्हणतात 'ईस्तगाह'. यातला 'गाह' तुमच्या ओळखीचा आहे. ईदगाहमध्ये तो आहे आणि बंदरगाहमध्येही आहे. ईस्तगाह म्हणजे उभे राहण्याची जागा. अर्थ तोच, अगदी तंतोतंत!

लॅटिनचा 'स्ता', संस्कृतचा 'स्था' आणि फारसीचा 'स्ता' यांच्यातले हे साम्य योगायोगाने आलेले नाही. सर विल्यम जोन्स नावाचे एक विद्वान कलकत्त्याला न्यायाधीश होते. अरबी आणि फारसी त्यांना आधीपासून येत होती. इथे आल्यावर ते संस्कृत शिकले. १७८६ साली कलकत्त्यातील एका भाषणात त्यांनी सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच जुन्या मुळापासून निघाल्या असाव्यात. फारसीही त्याच कुळातली असावी, असेही ते म्हणाले. पुढच्या अभ्यासकांनी हा विचार पडताळून पाहिला आणि तो खरा ठरला. एकाच आजीची नातवंडे दूरदूरच्या गावी वाढावीत, तसे हे शब्द वेगवेगळ्या देशांत वाढले. चेहऱ्यात फरक पडला, पण नाकडोळे ओळखू येतात.

आता 'ठाणे' या शब्दाकडे वळू. संस्कृतातला 'स्थान' लोकांच्या बोलण्यात 'ठाण' झाला. जिथे पहाऱ्याची माणसे बसतात, जिथून कारभार चालतो, ती जागा म्हणजे 'ठाणे'. उर्दूत तोच शब्द 'थाना' म्हणून नांदतो. त्या जागेचा प्रमुख ठाणेदार. यातला 'ठाणे' संस्कृतच्या घरचा, तर 'दार' फारसीच्या घरचा. दुकानदारात आणि ईमानदारातही तोच 'दार' आहे. दोन घरची माणसे एका शब्दात सुखाने राहत आहेत!

ठाणे शहराचे नावही याच शब्दाचे आहे. शिलाहार राजांच्या जुन्या लेखांत त्या नगराला 'श्रीस्थानक' म्हटले आहे. स्थानकाचे ठाणे झाले. पनवेलमध्ये एका भागाला 'ठाणा नाका' म्हणतात. तो नाका पोलीस ठाण्याचा आहे असे समजू नका. त्यातला ठाणा म्हणजे ठाणे शहर.

भारतातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. ती मुंबईच्या बोरीबंदरहून निघाली आणि चौतीस किलोमीटर अंतर तोडून ठाण्याला पोहोचली. तिला तीन इंजिने होती. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. ती गाडी जिथे थांबली ते ठाणे स्टेशन. आता जरा विचार करा. ठाणे म्हणजे स्थानक आणि स्टेशन म्हणजेही स्थानक. म्हणजे 'ठाणे स्टेशन' या नावाचा मूळ अर्थ झाला 'स्टेशन स्टेशन'! हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले दोन नातेवाईक एका पाटीवर शेजारी शेजारी येऊन उभे राहिले.

पनवेलला रेल्वे बरीच नंतर आली. दिवा ते पनवेल हा मार्ग १९६४ साली सुरू झाला. मुंबईहून येणारी लोकल गाडी १९९८ साली पनवेलपर्यंत आली. कोकण रेल्वेही त्याच वर्षी पूर्ण सुरू झाली. आज कोकणात आणि त्याहून दूर दक्षिणेत जाणाऱ्या कितीतरी गाड्या पनवेलला थांबतात. लोकलमध्ये बसलात तर नीट कान देऊन ऐका. "पुढील स्टेशन", "अगला स्टेशन", "नेक्स्ट स्टेशन" असे मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत सांगतात. भाषा बदलते, पण 'स्टेशन' बदलत नाही.

बदलतो तो त्याचा उच्चार. शब्दाच्या आरंभी 'स' आणि 'ट' जोडून आले की पुष्कळ लोकांची जीभ अडखळते. मग जीभ दोन युक्त्या करते. पहिली युक्ती म्हणजे 'स' गाळून टाकायचा. खेड्यातली माणसे 'टेशन' किंवा 'ठेसन' म्हणतात ते यामुळेच. 'स्थान'चे 'ठाण' झाले तेही याच युक्तीने. दुसरी युक्ती म्हणजे 'स'च्या आधी एक स्वर जोडून त्याला आधार द्यायचा. उर्दूत तुम्ही हा शब्द लिहिता तेव्हा प्रथम अलिफ काढता आणि 'इस्टेशन' म्हणता. 'स्कूल'चेही 'इस्कूल' होते. कोणी यावर हसले तर वाईट वाटून घेऊ नका. स्पेन देशातले लोकही 'एस्तासिओन' असेच म्हणतात. मात्र मराठीत लिहिताना हा जादा स्वर लिहायचा नाही. मराठीत 'स्टेशन' आणि 'स्कूल' असेच लिहावे.

हाच आधाराचा स्वर आणखी एका शब्दात आहे. लॅटिनमध्ये घोडे उभे करण्याच्या जागेला 'स्ताबुलुम' म्हणत. तो शब्द अरबीत गेला आणि 'इस्तबल' झाला. उर्दूत त्याला 'अस्तबल' म्हणतात. जुन्या काळी घोड्यांच्या पागेवरच्या अधिकाऱ्याला लॅटिनमध्ये जे नाव होते, त्यातून 'कॉन्स्टेबल' हा शब्द निघाला. म्हणजे पोलीस ठाण्यातील कॉन्स्टेबल, त्याचे ठाणे आणि तुमचे अस्तबल हे तिन्ही एकाच मुळाचे!

पण इथे एक सावधगिरी हवी. अस्तबल आणि मराठीतला 'तबेला' कानाला सारखे वाटतात. दोन्ही ठिकाणी जनावरेच बांधतात. म्हणून ते एकाच मुळाचे असतील, असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. तबेला आला अरबी 'तवीला' या शब्दावरून. उर्दूत 'तवील' म्हणजे लांब. घोडे बांधण्याचा लांब दोर तो तवीला, आणि त्यावरून घोडे बांधण्याची जागा ती तबेला. सारखे दिसते म्हणून नाते असतेच असे नाही. वेगळे दिसते म्हणून नाते नसतेच, असेही नाही. शब्दांच्या बाबतीत पुरावा पाहून बोलावे.

आता आपण पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येऊ. इंग्रजीत सगळ्यांना 'स्टेशन' म्हणतात. मराठीने मात्र कामाप्रमाणे वेगवेगळे शब्द वाटून दिले आहेत. गाडी थांबते ते स्थानक. म्हणून रेल्वे स्थानक आणि बसस्थानक. पोलीस असतात ते ठाणे. वीज, आकाशवाणी, मतदान आणि अग्निशमन यांचे ते केंद्र. हिल स्टेशनला सरकारी कागदपत्रांत गिरिस्थान म्हणतात आणि बोलताना थंड हवेचे ठिकाण. भाषांतर करताना हे ध्यानात ठेवा. 'पोलीस स्थानक' किंवा 'रेल्वे ठाणे' असे लिहिले तर वाचणारा गोंधळतो. मूळ एक असले तरी प्रत्येक शब्दाने आपापली जागा धरली आहे. मोठ्या रेल्वे स्थानकात पोलिसांचीही कचेरी असते. तिच्या पाटीवर लिहिलेले असते 'लोहमार्ग पोलीस ठाणे'. म्हणजे स्थानकात ठाणे, पण दोन्हींची कामे वेगळी.

फळवाल्याचे वाक्य आठवते का? तो "स्टेशनात नेलं" असे म्हणाला होता. मराठीत रेल्वेसाठी आपण बहुधा 'स्टेशनवर' म्हणतो. "मी स्टेशनवर थांबतो." "स्टेशनवर गर्दी होती." पोलिसांसाठी मात्र 'स्टेशनात' म्हणतो. उर्दूतही 'स्टेशन पर' आणि 'थाने में' असा भेद आहेच. म्हणजे उत्तर त्या एका लहानशा प्रत्ययात दडलेले होते. कान तयार असता तर तुम्ही रिक्षावाल्याला लगेच म्हणाला असता, "पोलीस ठाण्यात चला." आणि भावाचे रडणे तासभर आधी थांबले असते.

भाषा शिकायची ती परीक्षेतल्या गुणांसाठी नव्हे. आपले म्हणणे समोरच्याला नेमके कळावे आणि त्याचे आपल्याला कळावे, यासाठी ती शिकायची. म्हणून बोलताना नुसते 'स्टेशन' म्हणू नका. कोणते स्टेशन, ते सांगा. ऐकताना शंका आली तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि मराठीचा एखादा नवा शब्द समोर आला, तर तो परका म्हणून बिचकू नका. त्याच्याकडे जरा निरखून पाहा. कदाचित तो तुमच्या घरच्याच एखाद्या शब्दाचा चुलतभाऊ असेल, आणि ओळख पटण्याची वाट पाहत दाराशी उभा असेल.

शब्दार्थ

झुंबड – खूप गर्दी. जिवात जीव येणे – काळजी दूर होणे. हवापालट – आरोग्यासाठी दुसऱ्या ठिकाणी जाणे. धातू – क्रियापदाचे मूळ रूप. हकीकत – घडलेली गोष्ट. पागा – घोडे बांधण्याची जागा. बिचकणे – घाबरून मागे सरणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लॅटिन भाषेत 'स्तारे' या शब्दाचा अर्थ काय होता?
(आ) भारतातील पहिली प्रवासी आगगाडी कोठून कोठे धावली?
(इ) शिलाहारांच्या लेखांत ठाणे नगराचे कोणते नाव आढळते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पुस्तके विकणाऱ्याला 'स्टेशनर' का म्हणत?
(आ) 'ठाणे स्टेशन' या नावात कोणती गंमत आहे?
(इ) 'अस्तबल' आणि 'तबेला' या शब्दांवरून कोणती सावधगिरी शिकायला मिळते?

३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (ठाण्यात, स्थानकावर, केंद्रावर, गिरिस्थान)
(अ) सायकल चोरीला गेली म्हणून आम्ही पोलीस ______ गेलो.
(आ) गोव्याची गाडी रेल्वे ______ उभी होती.
(इ) अब्बा मत देण्यासाठी मतदान ______ गेले.
(ई) माथेरान हे ______ आहे.

४. 'स्तान' आणि 'स्थान' ज्यांच्या शेवटी येते असे प्रत्येकी तीन शब्द लिहा.

५. उपक्रम : तुमच्या गावातील दुकाने, कचेऱ्या आणि स्थानके यांच्या पाट्या वाचा. ज्या शब्दाचे एकाहून अधिक अर्थ होतात असा एक शब्द निवडा आणि त्याविषयी वर्गात पाच वाक्ये सांगा.